डेन्मार्कचा ‘शाश्वत जीवनशैली’ अभ्यासदौरा: साम्सोत दोन मुक्काम नसतील तर पैसे भरू नका

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांकडे परदेशी अभ्यासदौऱ्यांची जी पत्रकं येतात, त्यात डेन्मार्क हमखास असतं. आठ-दहा दिवस, मुक्काम कोपनहेगनला, सायकली, पवनचक्क्या, कचऱ्यापासून वीज आणि जमलंच तर एक दिवस साम्सो नावाचं बेट. हे परीक्षण कुणा एका आयोजकाचं नाही, या ठरलेल्या साच्याचं आहे. कुठल्या थांब्यावर विद्यार्थ्यांच्या हाती काही लागतं, कुठला थांबा फोटोपुरता आणि घोडं कुठे अडतं, एवढंच पाहायचं आहे.

दौरा करण्यासारखा आहे. फक्त पत्रकात ज्याचा फोटो सगळ्यात मोठा, त्याला सगळ्यात कमी वेळ द्यावा.

साम्सो

साम्सो हे काटेगाट समुद्रातलं सुमारे ११४ चौरस किलोमीटरचं बेट. वस्ती चार हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी. १९९७ साली डेन्मार्क सरकारने ‘अक्षय ऊर्जेचं बेट’ निवडायला स्पर्धा घेतली, ती साम्सोने जिंकली. बक्षीस म्हणून पैशाची थैली मिळाली नव्हती. तरी २००० सालापर्यंत जमिनीवर एकेक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि २००२-०३ मध्ये बेटाच्या दक्षिणेला समुद्रात २.३ मेगावॅटच्या आणखी १० लागल्या.

हे आकडे कुठल्याही सादरीकरणात मिळतात. त्यासाठी विमानाने जायची गरज नाही. बेटावर जाऊन विचारायचा प्रश्न एकच: ही चक्की कुणाची? उभारणीच्या वेळी जमिनीवरच्या ११ पैकी ९ शेतकऱ्यांनी घेतल्या होत्या आणि २ गावकऱ्यांनी भाग काढून, म्हणजे सहकारी पद्धतीने. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेने घेतल्या, उरलेल्या खासगी गुंतवणूकदार आणि छोटे भागधारक यांच्यात वाटल्या गेल्या. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या पाहून आलेल्या विद्यार्थ्याला इथला फरक लगेच कळतो. तिथे पाती फिरतात गावाच्या डोक्यावर, पण बहुतेक चक्क्यांचे मालक दूरच्या शहरातले उद्योग, आणि त्यातल्या अनेकांनी त्या घेतल्या त्या घसाऱ्यावरच्या करसवलतीसाठी. साम्सोत चक्कीचा आवाज येतो म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाच्या कपाटात बहुधा त्याच चक्कीच्या भागाचा कागद असतो. तंत्रज्ञान दोन्हीकडे जवळपास तेच आहे.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकाने आपणहून सांगितली नाही तर विद्यार्थ्यांनी खोदून काढावी. ‘शंभर टक्के अक्षय ऊर्जा’ हा इथला दावा वार्षिक ताळेबंदाचा आहे. वारा असेल तेव्हा जादा वीज समुद्राखालच्या केबलने मुख्य भूमीकडे जाते, वारा पडला की तिकडून येते. गाड्या, ट्रॅक्टर आणि फेरीबोट यांचं इंधन या हिशोबात समुद्रातल्या पवनचक्क्यांनी ‘भरून काढलेलं’ आहे, ते जळणं थांबलेलं नाही. बेट जीवाश्म इंधनातून पूर्ण सुटावं हे २०३० चं उद्दिष्ट वेगळं आहे. ज्या गटाला हा फरक कळला, त्याचा साम्सोचा खर्च वसूल.

पवनचक्क्यांपेक्षाही शिकण्यासारखी जागा म्हणजे काडावर चालणारा तापगृहाचा प्रकल्प. बेटावर घरं गरम करायला आणि नळाला गरम पाणी द्यायला असे चार प्रकल्प आहेत. त्रानेब्यर्ग, ओन्सब्यर्ग आणि बालेन-ब्रुंडबी या तीन ठिकाणी गव्हाचं काड जळतं. उत्तरेच्या नोर्बी-मोरुपला लाकडाच्या चिपा आणि जोडीला सुमारे २,५०० चौरस मीटरचे सौर तापक आहेत. काडाच्या प्रकल्पात बघण्याचा क्रम असा लावून घ्या: आधी काडाचं गोदाम, मग गठ्ठा भट्टीपर्यंत नेणारी सोय, मग भट्टी, मग गरम पाण्याची साठवण टाकी आणि शेवटी राखेचा डबा. एकेक गठ्ठा अर्ध्या टनाच्या आसपासचा असतो. शेतकरी तो आणतो तेव्हा आधी ओलावा मोजला जातो. ओलं काड नीट जळत नाही, धूर करतं आणि उष्णता वाफ करण्यातच घालवतं, म्हणून ओलाव्याची मर्यादा ओलांडली की गठ्ठा परत जातो किंवा भाव पडतो. उसाच्या गाडीचा काटा आणि रिकव्हरी (साखर उतारा) यावरून होणाऱ्या वादांची सवय असलेल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. राख परत शेतात जाते, पोटॅशसाठी.

मग रस्त्याखालचे नळ. आत पोलादी नळ, त्याभोवती फोमचं जाड आवरण, त्यावर प्लास्टिकचं कवच. गरम पाणी घराघरांत जातं, उष्णता देऊन थंडावलेलं पाणी परत भट्टीकडे येतं. परतीचं पाणी जितकं थंड, तितकी व्यवस्था कार्यक्षम. घरातला उष्णता-विनिमयक (नळातली उष्णता घरात उतरवणारं यंत्र) नीट लावलेला नसेल तर पाणी गरमच परत येतं आणि सगळ्या गावाचं नुकसान होतं. घरमालकाला मीटर दाखवायची विनंती करा. येतं तापमान आणि जातं तापमान असे दोन आकडे वाचून घेतले की हा धडा पक्का होतो.

ही व्यवस्था महाराष्ट्रात जशीच्या तशी आणता येणार नाही, आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण साखर कारखान्याचं को-जन (उसाच्या चोयट्यावरची सहवीजनिर्मिती) ज्याने पाहिलंय त्याला दिसेल की तत्त्व तेच: पिकाचा उरलेला भाग जाळायचा आणि एका इंधनातून जास्तीत जास्त काम काढायचं. खरं उचलण्यासारखं आहे ते जोडणीचं धोरण. काम सुरू होण्याआधी नाव नोंदवणाऱ्या घराला जोडणी नाममात्र शुल्कात, नंतर येणाऱ्याला मोठी रक्कम. कुंपणावर बसलेली घरं त्यामुळे वेळेत खाली उतरली. आपल्याकडच्या कुठल्याही पाणीपुरवठा योजनेच्या बैठकीत बसलेल्याला यातलं शहाणपण कळेल.

बालेन गावातली ‘एनर्जी अकादमी’ २००७ पासून या सगळ्याचं केंद्र आहे. तिचे प्रमुख म्हणून नाव झालेले सोरेन हेर्मान्सेन बेटावरचेच. २००८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने पर्यावरणाच्या नायकांमध्ये त्यांची निवड केली होती. अकादमीत गटांसाठी इंग्रजीतून व्याख्यान मिळतं, ते चांगलंही असतं. मात्र नोंदणी करताना लेखी मागा की व्याख्यान एका तासात संपावं आणि उरलेल्या वेळात काडाच्या प्रकल्पाची भेट आणि शक्य असेल तर चक्कीत भाग असलेल्या एका शेतकऱ्याशी गप्पा असाव्यात. न मागता मिळते ती स्लाइड.

आता दोन मुक्काम का, तर सरळ हिशोब आहे. कोपनहेगनहून कालुनबोर्गपर्यंत आगगाडी पावणेदोन तासांच्या आसपास. स्टेशनवरून बंदरापर्यंत चालत. तिथून बालेनची फेरी साधारण सव्वा ते दीड तास, आणि दिवसाला फेऱ्या मोजक्या. मधली वाट पाहणं धरलं तर एका बाजूचे चार तास. एका दिवसात जाऊन-येऊन बेटावर चार तास उरतात, त्यातले दोन सभागृहात जातात आणि एक जेवणात. पत्रकात ‘साम्सो भेट’ असं लिहून हाच एक दिवस विकला जातो. दोन मुक्काम असले की पहिल्या संध्याकाळी बालेन-ब्रुंडबी, दुसरा पूर्ण दिवस बेटाचा मध्य आणि उत्तर, तिसऱ्या सकाळी अकादमी आणि परत, असं नीट बसतं.

बेट सायकलने करायचं असेल तर बालेन ते नोर्बी हे वीसेक किलोमीटर नकाशावर सपाट दिसतं. समोरून वारा असला की तेच अंतर दुप्पट वाटतं, आणि जिथे २१ पवनचक्क्या लावाव्याशा वाटल्या तिथे वारा असणारच. जाताना बस, येताना सायकल असं करता येतं का ते त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा पाहून ठरवा.

एक छोटी गोष्ट. साम्सोचे नवे बटाटे देशभर प्रसिद्ध आहेत. जूनमध्ये रस्त्याकडेला लाकडी फळीवर पिशव्या मांडलेल्या असतात, शेजारी भाव लिहिलेला, विक्रेता नाही. पैसे डब्यात टाकायचे किंवा ‘मोबाइलपे’ने पाठवायचे. हे ॲप भारतीय बँक खात्यावर चालत नाही, म्हणजे आपल्या मुलांचं यूपीआयचं कौशल्य इथे निरुपयोगी. प्रत्येक गटाकडे १० आणि २० क्रोनरची नाणी असू द्या. सुटे मिळणार नाहीत, डब्याला कुलूप असतं.

कालुनबोर्ग

साम्सोच्या वाटेवरच हे बंदर येतं, आणि बहुतेक आयोजक त्याकडे बघतही नाहीत. जगभरच्या औद्योगिक पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात ज्याचं उदाहरण दिलं जातं ते ‘कालुनबोर्ग सिम्बायोसिस’ इथलंच. १९६१ मध्ये भूजल वाचवायला टिस्सो तळ्याचं पाणी तेलशुद्धीकरण कारखान्याला आणलं, १९७२ मध्ये कारखान्यात जाळून टाकला जाणारा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्याला दिला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषध आणि एन्झाइमच्या कारखान्यांना, धूर धुताना तयार होणारं जिप्सम बोर्डवाल्यांना, आंबवण्यातून उरलेला चोथा शेतांना, अशी देवघेव वाढत गेली. हे कुणी आराखडा काढून केलेलं नाही. दोन कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते आणि करार दोघांच्या फायद्याचे होते, एवढंच.

एक अडचण आहे. बाहेरून इथे काही म्हणजे काही दिसत नाही. रस्त्याकडेने जाणारे जाडजूड नळ आणि कुंपणं. पूर्वनोंदणी करून सशुल्क मार्गदर्शन घेतलं तरच थांबा. आणि जाण्याआधी मुलांकडून देवघेवीचा तक्ता कागदावर काढून घ्या: कोण देतं, काय देतं, कोण घेतं. वीजकेंद्राने २०१९ मध्ये कोळसा सोडून लाकडाच्या चिपा वापरायला सुरुवात केली. मग कोळशाच्या धुरातून निघणाऱ्या जिप्समचं काय झालं, हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारायला लावा. एक दुवा सुधारला की दुसरा तुटतो, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही.

कचरा जाळणारी टेकडी

पत्रकातला सगळ्यात मोठा फोटो असतो आमागर बाकेचा. कचरा जाळून वीज आणि उष्णता तयार करणारा कारखाना, ८५ मीटर उंच, आणि छतावर घसरगुंडीसारखी स्कीची उतरण. कारखाना २०१७ मध्ये सुरू झाला, उतरण २०१९ मध्ये. वरपर्यंत चालत जायला पैसे लागत नाहीत. वरून समुद्रातल्या मिडेलग्रुंडनच्या २० पवनचक्क्या रांगेत दिसतात. त्या २००० सालच्या, निम्म्या सहकारी संस्थेच्या, आणि खरी गोष्ट तीच आहे.

इथे दीड तास पुरे. स्कीची तिकिटं दौऱ्याच्या खर्चात धरली असतील तर ती काढायला सांगा. कारखान्याच्या आतली भेट वेगळी ठरवावी लागते; ती असेल तर वेळ वाढवा. आणि जोडीला दुसरी बाजू सांगितली गेली पाहिजे. भट्ट्यांची क्षमता वर्षाला चार लाख टनांच्या वर. शहर कचरा कमी करतंय आणि वेगळा करतंय, मग भट्टी भरायला बाहेरून कचरा आणावा लागतो. त्यातल्या प्लास्टिकचा कार्बन हवेत जातोच. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं कोपनहेगनचं गाजलेलं उद्दिष्ट २०२२ मध्ये सोडून द्यावं लागलं, कारण याच कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडण्याच्या योजनेला सरकारी निधी मिळू शकला नाही. हे न सांगता मुलांना नुसतं छतावर फिरवून आणणारा मार्गदर्शक हा पर्यटनाचा मार्गदर्शक.

पुण्याच्या गटाने इथे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा विषय काढावा. दारोदार कचरा घेणाऱ्या आणि हाताने वेगळा करणाऱ्या कचरावेचकांच्याच मालकीची ही संस्था. ओला-सुका वेगळा होण्याचा धडा घ्यायला खरं तर डेन्मार्कला जावं लागत नाही.

पावसाचं पाणी

२ जुलै २०११ ला कोपनहेगनवर दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. तळघरं, रस्ते, रुग्णालयांचे तळमजले पाण्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथली गटारं तेवढ्यासाठी नव्हती. २०१२ मध्ये शहराने ढगफुटीचा आराखडा केला, सुमारे ३०० छोट्या-मोठ्या कामांचा.

यातली दोन कामं जवळून पाहण्यासारखी, दोन्ही फुकट. शहराच्या ओस्टरब्रो भागातला तोसिंगे चौक २०१४ चा: डांबर उखडून खोलगट बाग केली, छपरांचं पाणी तिथे मुरतं. रस्त्यावरचं पाणी मात्र वेगळं ठेवलंय, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ त्यात येतं आणि झाडं मरतात. दुसरं एंगहावेपार्केन, जुनी बाग. कडेने बुटकी भिंत बांधून आणि मैदान खाली घेऊन तिच्यात २२,६०० घनमीटर पाणी थांबवायची सोय केली आहे. कोरड्या दिवशी मुलं तिथे खेळतात. भिंतीची उंची, पाणी आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट वहीत काढून घेतली तर अर्धा दिवस सार्थकी. वास्तुरचना आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण कोपनहेगनमधला हा सर्वोत्तम थांबा, आणि कुठल्याच पत्रकात तो नसतो, कारण तिथे फोटो येत नाही.

मुक्काम, स्वयंपाक आणि बाटल्या

शाश्वत जीवनशैली शिकायला मुलांना हॉटेलात ठेवणं हा विनोद आहे. वसतिगृह घ्या, ज्यात सामायिक स्वयंपाकघर आहे असं. अशा ठिकाणी स्लीपिंग बॅग बहुधा चालत नाही. चादर, उशीचा अभ्रा आणि पांघरुणाची खोळ घरून न्यावी, नाहीतर भाड्याने घ्यावी लागते आणि ते भाडं कुणीच अंदाजपत्रकात धरलेलं नसतं.

स्वयंपाकघरात शेगड्या बहुतेक इंडक्शनच्या. ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर गरमच होत नाही. तळ इंडक्शनचा असलेला पाच लिटरचा एक स्टीलचा कुकर दहा जणांच्या वरण-भाताला दोन खेपांत पुरतो. तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडलं की जप्त. मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे, मसाले यांची अडचण येत नाही. डाळी-तांदूळ तिथे मिळतात. बाहेर साधं जेवण १२० ते १८० क्रोनर, हाताने केलं तर दिवसाचं माणशी १५० मध्ये भागतं. नळाचं पाणी पिण्याचंच आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पेयाच्या बाटल्या-डबे घेतलेच तर त्यावर ‘पान्ट’ म्हणजे अनामत असते. बाटलीवर ए, बी किंवा सी अक्षर पाहा: ए म्हणजे १ क्रोनर, बी म्हणजे दीड, सी म्हणजे ३. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की चिठ्ठी येते, ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर वटते. इथे आपली सवय आड येते. ‘वापरानंतर बाटली चुरडा’ हे आपल्याकडे पाठ झालेलं असतं. चुरडलेल्या बाटलीवरचा कोड यंत्राला वाचता येत नाही आणि ती बाहेर फेकली जाते. बाटली रिकामी, अख्खी आणि लेबलासकट हवी.

कचऱ्याचे प्रकार दहा. अन्न, कागद, पुठ्ठा, काच, धातू, प्लास्टिक, दूध-रसाचे खोके, कापड, घातक आणि उरलेला. चित्रं देशभर सारखी, म्हणून डॅनिश यायची गरज नाही. अन्नाचा कचरा हिरव्या पिशवीत, पिशवीला दुहेरी गाठ, कारण वाटेत सुटली की सगळा डबा खराब. त्यातून बायोगॅस होतो. चुका ठरलेल्या होतात: दुधाचा खोका पुठ्ठ्यात, तेलकट पिझ्झाचा खोका कागदात, प्लास्टिकसकट चहाच्या पिशव्या अन्नात. दौऱ्याचे सगळे दिवस रोज रात्री दोन मुलांनी गटाचा कचरा वजन करून वहीत लिहावा. सामान तोलायचा हुक-काटा पुरतो. पाचव्या दिवसापर्यंत ‘उरलेला’ या रकान्यातला आकडा खाली येतो, आणि तो अहवालात कुठल्याही प्रसिद्ध इमारतीच्या फोटोपेक्षा शोभतो.

सायकल

पहिल्या दिवशी सायकली हातात देऊन थेट नोरेब्रोगेड या गजबजलेल्या रस्त्यावर सोडणं ही आयोजकांची नेहमीची चूक. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो, पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्या मुलांना थांबल्यावर पेडल उलटं फिरवून पाय जुळवायची सवय, ते इथे धप्पकन अडतं. फेलेडपार्केनसारख्या मोकळ्या बागेत तासभर सराव करून घ्या: उलट्या पेडलचा ब्रेक, थांबण्याआधी हात वर, वळण्याआधी हात बाजूला.

वाहतूक उजवीकडून. सायकलमार्गावर उजवीकडे राहायचं, पुढे जायचं ते डावीकडून. डावीकडे वळताना चौकात तिरकं घुसायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, मग त्या दिशेचा सिग्नल मिळाल्यावर निघायचं. बस थांब्यावर प्रवासी थेट सायकलमार्गात उतरत असतील तर थांबायचंच. लाल दिवा तोडला किंवा हातात फोन धरला तर दंड विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारा नाही. अंधार पडल्यावर पुढे-मागे दिवा सक्तीचा. सकाळी साडेसात ते नऊ गटाने सायकलवर निघू नये. वीस जणांची बावरलेली रांग कामावर जाणाऱ्यांच्या वाटेत आली की डॅनिश माणसाचा संयम सुटलेला पाहायला मिळतो. उपनगरी एस-टोग गाडीत सायकल फुकट नेता येते, लांबच्या अंतराला तिचा उपयोग करा.

कधी जावं

जुलै नको. तिथे शाळा बंद, कार्यालयं अर्धी रिकामी, ज्यांना भेटायचं ते सुट्टीवर. मेची अखेर ते मध्य जून किंवा ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर. मे-जूनमध्ये पेन्टेकोस्टचा सोमवार आणि ५ जूनचा संविधान दिन सांभाळा, दुकानं आणि प्रकल्प बंद असतात. उन्हाळ्यात तापगृहाच्या भट्ट्या फक्त नळाच्या गरम पाण्यापुरत्या चालतात, ही एक उणीव आहे. त्याबदल्यात ऑगस्टअखेरीस शेतात काड बांधताना दिसू शकतं.

पैसे आणि व्हिसा

१ क्रोनर म्हणजे १४ रुपयांच्या आसपास धरा. नऊ रात्रींचा ढोबळ हिशोब: वसतिगृह रात्रीला २५० ते ३५० क्रोनर, स्वतः केलेलं जेवण दिवसाला १५०, गाड्या-फेरी-सायकल मिळून दीड हजार, भेटींची शुल्कं वाटून काही शे. माणशी साडेपाच ते साडेसहा हजार क्रोनर, म्हणजे साधारण पंचाहत्तर ते नव्वद हजार रुपये. यात विमान, व्हिसा आणि विमा मिळवा आणि आयोजकाच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक शिक्षकांच्या फुकट जागांचा, स्कीच्या तिकिटांचा की नफ्याचा, हे विचारायचा हक्क पालकांना आहे. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस (पैसे घेतानाच आयोजक गोळा करतो तो आगाऊ कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पावती पालकाच्या पॅनवर आहे ना, ते आधी पाहा.

शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचं) शुल्क प्रौढांना ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. १५ दिवसांत निकाल अपेक्षित असतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो, म्हणून गटाने दोन महिने हाताशी ठेवावेत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. १८ वर्षांखालच्यांना दोन्ही पालकांचं संमतिपत्र. अर्ज अडकतात ते बहुधा एकाच कारणाने: महाविद्यालयाचं पत्र एक तारीख सांगतं, विमा दुसरी आणि वसतिगृहाची नोंदणी तिसरी.

विमानाचं काय

मुंबई ते कोपनहेगन एका बाजूचं अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन एका विद्यार्थ्यामागे टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीयाचं वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक दहा दिवसांत. पत्रकात ‘झाडं लावून भरपाई’ अशी ओळ असेल तर कुठे, कोणती, पाणी कोण घालणार, पाच वर्षांनी कोण मोजणार, हे विचारा. आठ-आठ दिवसांच्या दोन दौऱ्यांऐवजी बारा दिवसांचा एकच दौरा, कमी मुलं आणि विमान शक्यतो एका थांब्याचं, एवढं तरी करता येतं.

पैसे भरण्याआधी आयोजकाकडून दिवसवार कार्यक्रम लेखी घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा: कालुनबोर्ग-बालेन फेरीची जाण्याची आणि येण्याची नेमकी वेळ, काडाच्या प्रकल्पाची ठरलेली तारीख आणि स्वयंपाकघरातल्या शेगड्यांची संख्या. वीस मुलांना दोन शेगड्या असतील तर तिसऱ्या रात्रीपासून सगळे पिझ्झा खातात.